मिठाचा मालक

निंबर्डीच्या बायकांनी सप्तधारा प्रोसेसर्स या कंपनीला मिठाचं एक पोतं भेट पाठवलं. त्याच पोत्यावरून कंपनीने त्यांच्यावर चोरीचा दावा लावला. पुढचं सगळं समजायला आधी हे मीठ गावात कुठून आलं ते सांगायला हवं.

निंबर्डी माळावरचं गाव आहे. ओढ्यापलीकडे औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे टॉवेल, चादरी रंगवतात. सुताला रंग चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालतात. हे खायचं मीठ नव्हे, ग्लॉबर मीठ. शास्त्राच्या भाषेत सोडियम सल्फेट. रंग सुतावर बसतो, मीठ पाण्यात राहतं. ते पाणी वर्षानुवर्षं आधी ओढ्यात आणि मग जमिनीत गेलं. निंबर्डीच्या विहिरींना कडसर चव आली, नंतर फिकट गुलाबी झाक आली. ग्लॉबर मीठ एकेकाळी डॉक्टर जुलाबासाठी देत असत. निंबर्डीत ते कोणी न देता मिळू लागलं.

मग टँकर आला आणि कायमचा राहिला. त्याचं पाणी पुरत नसे, तेव्हा विहिरीचंच प्यावं लागे. बाळंतिणीने विहिरीची ओटी भरायची रीत या भागात आहे. निंबर्डीत ती ओटी टँकरची भरतात. ड्रायव्हर नारळ हातात घेऊन खाली मान घालून उभा राहतो.

प्रत्येक सुनावणीत कंपनी एकच सांगत आली, की विहिरीतलं पाणी तिचं नाही. कधी तिने खडकाला दोष दिला, कधी शेतकऱ्यांच्या खतांना, एकदा तर गावातल्या धुण्याच्या साबणाला. प्रत्येक वेळी सोबत एक जाड अहवाल असे.

हे चालू असतानाच गोठणयंत्रं आली.

खारट पाणी उकळून त्याची वाफ धरायची, हा पाणी आणि मीठ वेगळं करण्याचा जुना मार्ग. त्याला इंधन फार लागतं. पाण्याची वाफ करायला जितकी उष्णता घालावी लागते, त्याच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकीच उष्णता काढून घेतली की तेच पाणी गोठतं. गोठताना पाण्याचे रेणू एका ठरावीक जाळीत बसतात. त्या जाळीत मिठाला जागा नसते, रंगालाही नसते. ग्लॉबर मिठाचं पाणी हळूहळू गार करत नेलं, की शून्याच्या जेमतेम एक अंश खाली अशी वेळ येते, की बर्फ आणि मीठ एकदमच, पण वेगवेगळे स्फटिक होऊन बाहेर पडतात. बर्फ हलका, तो तरंगतो. मीठ जड, ते तळाशी बसतं. वरून बर्फ काढून घ्यायचा, त्याच्याच थोड्या वितळलेल्या पाण्याने धुवायचा आणि वितळू द्यायचा. खालून मीठ खरवडायचं. पथ्य एकच. घाई करायची नाही. बर्फ भराभर वाढवला तर त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे थेंब अडकतात आणि मग सगळी मेहनत वाया.

सप्तधाराने असं अख्खं सभागृहाएवढं बर्फघर बांधलं. मंत्र्यांनी फीत कापली. आमच्या फाटकातून आता एक थेंबही बाहेर जात नाही, असं कंपनीने जाहीर केलं आणि त्या जोरावर रंगाच्या यंत्रांची संख्या वाढवायची परवानगी मिळवली.

निंबर्डीच्या बचत गटाने बंद पडलेल्या एका शीतगृहाची यंत्रणा घेऊन छोटं गोठणयंत्र बसवलं. अध्यक्ष होती जयमाला घोगरे. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा नाही, मुलगी लग्न होऊन वसाहतीत दिलेली. दिवसा सौर विजेवर यंत्र चाले. गावच्या विहिरीचं गुलाबी पाणी एका बाजूने आत जाई आणि दुसरीकडून पांढराशुभ्र बर्फ निघे. ते पाणी प्यायला लागल्यावर पहिल्या महिन्यातच गावातल्या लहान मुलांची पोटं ताळ्यावर आली. तळाशी साचलेलं मीठ विकून यंत्राची देखभाल करायची, असा बेत होता.

सहा महिन्यांनी मिठाचा पहिला मोठा ढीग लागला तेव्हा हौसाक्का म्हणाली, "रास हाय ही. पुजल्याबिगर मापायची न्हाई."

हौसाक्का गटातली सगळ्यांत म्हातारी. तिचं कोणी मोडत नसे. मग खळ्यावर धान्याची रास पुजतात तशी मिठाची रास पुजली. हळदकुंकू वाहिलं. मापायला लागल्यावर पहिल्या मापाला एक न म्हणता रीतीप्रमाणे "लाभ" म्हटलं. आता पहिलं सूप द्यायचं कोणाला, यावर घोडं अडलं. धान्याचं पहिलं सूप गावदेवाचं आणि बलुत्याचं असतं.

"देवाला जुलाबाचं मीठ घालता व्हय?" एकीने विचारलं.

"मग ज्यानं पेरलं त्याला द्या की," हौसाक्का म्हणाली.

"पेरलं कुनी?"

सगळ्यांनी ओढ्यापलीकडे पाहिलं. एक जण हसली, मग सगळ्याच हसल्या.

"बांधा पोतं," जयमाला म्हणाली.

पोत्याला हळदकुंकू लावलं, वर नारळ बांधला. जयमालाने काळ्या रंगाने त्यावर लिहिलं : पहिला मान पेरणाऱ्याचा. निंबर्डी. टेम्पोवाला ते कंपनीच्या फाटकावर उतरवून आला. पहारेकऱ्याने नारळ ठेवून घेतला आणि पोतं आत घेतलं.

आत जाणारं प्रत्येक मिठाचं पोतं फाटकावरच्या स्कॅनरखालून जातं. इथे कायद्याविषयी सांगणं भाग आहे.

सात वर्षांपूर्वी सरकारने कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या द्रव्यांसाठी कायदा केला. हेतू चांगला होता. कारखान्याच्या बाहेर पडलेलं द्रव्य कुठेही गेलं तरी त्या कारखान्याचंच राहील. त्याची मालकीही कारखान्याची आणि जबाबदारीही. टाकून दिलं आणि सुटलो, असं म्हणता येणार नाही. पण अशाने जुन्या घाणीचीही जबाबदारी आली असती, म्हणून उद्योजकांनी आरडाओरडा केला. मग तडजोड म्हणून माफीची एक योजना निघाली. जे कारखाने पहिल्या वर्षात योजनेत येतील त्यांची कायद्याआधीची घाण माफ. सप्तधारा पहिल्या महिन्यातच योजनेत आली.

कोणतं मीठ कोणाचं हे ओळखण्यासाठी शास्त्रज्ञांनी सुंदर युक्ती काढली. ग्लॉबर मिठात गंधक असतो. निसर्गात गंधकाचे काही अणू इतरांपेक्षा किंचित जड असतात. त्यांचं प्रमाण जरासं बदलून प्रत्येक कारखान्याला वेगळ्या खुणेचं मीठ पुरवायला सुरुवात झाली. ही खूण गाळून जात नाही, उकळून जात नाही, गोठवूनही जात नाही, कारण ती मिठाला चिकटलेली नाही. मीठच ती खूण आहे. चोरून सांडपाणी सोडणारा पकडला जावा म्हणून हे केलं होतं.

फाटकावरच्या स्कॅनरने निंबर्डीच्या पोत्यातली खूण वाचली. हे आपलंच मीठ आहे आणि बाहेरून आत येतं आहे, एवढं यंत्राला कळलं. याचा अर्थ यंत्राच्या लेखी एकच : कोणीतरी चोरलं आहे. पोतं गोदामात पोचायच्या आधी चोरीची नोटीस गावाला आणि तिची प्रत या कायद्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणाला रवाना झाली. कोणी माणसाने विचार करून ती पाठवायची ठरवली असती, तर ती कधीच गेली नसती.

नोटीस गटाच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाचली गेली.

"म्हंजी आपल्या हिरीतलं मीठ त्यांचं," हौसाक्का म्हणाली.

"हो. आणि आपण ते चोरलं," जयमाला म्हणाली.

"हिरीतून?"

"हो."

"मग हिरीत ते आलं कसं, त्ये लिवलंय का?"

"ते नाही लिहिलेलं."

"पोतं धाडायची अवदसा कुनाला आठवली होती?" मागून एकीने विचारलं.

"मलाच," हौसाक्का म्हणाली. "पन बांधा म्हनली ही."

दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी आली. अभिराम दाबके नावाचे अधिकारी उतरले. मीठ-पाणी पुनर्प्राप्ती विभागाचे प्रमुख. त्यांनी जयमालाने दिलेलं पाणी घेतलं, पेला संपवला आणि उत्तम पाणी आहे म्हणून सांगितलं. नोटिशीबद्दल त्यांना फार वाईट वाटत होतं.

"ताई, यंत्राची चूक आहे. आम्ही दावा मागे घेतो. तुमच्याकडून फक्त दोन ओळी हव्यात. बाजारातून घेतलेलं आमच्या कंपनीचं मीठ तुमच्या मिठात मिसळलं गेलं, एवढंच."

"पण आम्ही बाजारातनं मीठ घेतलंच नाही."

"माहितीये. कागदाला काहीतरी कारण लागतं."

"यंत्राचीच चूक असली तर तेच कारण लिहा की."

दाबके हसले. "आमचं यंत्र चुकतं असं आम्हाला लिहिता येत नाही. मग अशाच यंत्रांनी देशभर काढलेल्या नोटिसांचं काय?" मग त्यांनी पुढचं सांगितलं. कंपनी निंबर्डीचं सगळं मीठ विकत घेईल. यंत्राला नवा कॉम्प्रेसर देईल. "आणि आपण काही परके नाही. तुमचे जावई आमच्याच बर्फघरात आहेत. चांगला मुलगा आहे. त्याचं चांगलं व्हावं असं मलाही वाटतं."

गाडी गेल्यावर हौसाक्काने तंबाखू मळत विचारलं, "चोराच्या दारात मालक येऊन गुळानं बोलतोय. ह्याचं काय हरवलंय गं?"

त्याचं उत्तर सकाळी जावयाने आणलं.

प्रथमेश थिटे बर्फघरात ऑपरेटर होता. पाळी संपवून तो थेट निंबर्डीला आला, अंगावर कंपनीचा निळा डगला तसाच. जयमालाने त्याला खुर्ची दिली, चहा ठेवला आणि ती उंबऱ्याशी उभी राहिली. जावयाशी बोलायची तिची हीच जागा होती.

"मामी, सही करून टाका."

"करीन की, जावईबापू. पण खोटं का लिहून द्यायचं तेवढं सांगा."

तो कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "विहिरीतलं मीठ जुनं असतं ना, कायद्याच्या आधीचं, तर त्यात खूण निघालीच नसती. तेव्हा खुणेचं मीठच नव्हतं."

जयमालाने हे मनात दोनदा फिरवलं.

"म्हणजे हे नंतरचं आहे."

"हो."

"मंत्री येऊन गेल्याच्या नंतरचं."

"हो."

"कसं?"

त्याने सांगितलं, आणि एकदा सुरुवात केल्यावर थांबला नाही. बर्फघर चांगलं आहे. पण ते जेवढं पाणी गोठवू शकतं त्याच्या कितीतरी जास्त पाणी रंगाची नवी यंत्रं सोडतात. ऑर्डरींचा जोर असला की टाक्या भरतात. बर्फ भराभर वाढवून पाहिला, तर त्यात मीठ अडकलं. ते पाणी परत रंगात वापरलं तर टॉवेलांच्या छटा बिघडल्या, गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. रंगाची यंत्रं थांबवायची तर तोटा. मग बर्फघराच्या मागे एक जुनी बोअर होती, पाणी लागलं नाही म्हणून सोडून दिलेली. टाक्या भरल्या की जास्तीचं पाणी तिच्यात सोडायचं.

"आणि ती बोअर आमच्या विहिरींच्या वरच्या अंगाला," जयमाला म्हणाली.

"हो."

"सोडतं कोण?"

"पाळी असते. माझीही असते."

"सांगतं कोण?"

"तोंडी. कामावर आलो की म्हणतात, आज मागचं चालू करा. बस, एवढंच. कॅमेरा आमच्या हातावर आहे, मामी. साहेबांच्या तोंडावर नाही. हे बाहेर आलं तर पहिला आत मी जातो. मग दुसऱ्या पाळीचा. दाबके साहेबांची बदली होते."

जयमालाला आठवलं, की यंत्र लागल्यापासून सहा महिने विहीर उपसून गोठवली तरी पाण्याचा गुलाबीपणा तसूभरही कमी झालेला नाही. याचं तिला नवल वाटत होतं. आपलंच काही चुकतंय, म्हणून तिने यंत्राची जोडणी दोनदा उघडवली होती.

"आम्ही वरनं उपसायचं आणि तुम्ही खालनं भरायचं," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्या टाक्या आमच्या विहिरी झाल्या. तुम्हाला न पेलवलेलं पाणी आमच्या बायका फुकट स्वच्छ करून देतात. आणि खाली राहिलेलं मीठसुद्धा तुमचंच."

जावयाला अरेतुरे करायची, त्याच्यावर आवाज चढवायची रीत निंबर्डीत नाही. जयमालाने दोन्ही पाळलं. तिने पुढे होऊन त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि आत नेला. त्याने अजून घोटही घेतलेला नव्हता.

दुपारी मुलीचा, ईश्वरीचा फोन आला. ती रडली नाही, भांडली. "आई, तू सही कर. तुला काय सिद्ध करायचंय?"

"मला काही सिद्ध करायचं नाही. त्यांच्याच यंत्रानं केलंय."

"तुझ्या गावात पाणी सोडतात ते काय यांच्या मनाने? हे नाही म्हणाले असते तर दुसरा उभा होता तिथे."

"अगं, पोरं पितात ते पाणी."

"तुझं यंत्र आहे ना, ते पाजतंय की त्यांना चांगलं. सही केलीस की नवा कॉम्प्रेसर मिळतोय. नाही केलीस तर काय मिळतंय? गाव तुझं आहे, आई. नवरा माझा आहे."

ईश्वरीने फोन ठेवला. जयमालाने परत लावला, तो तिने उचलला नाही.

मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं आणि हेच जयमालाला सहन होत नव्हतं. कायदा, यंत्र, खूण, सगळं कोणीतरी नीट विचार करून बनवलं होतं, आणि हे सगळं चालून अखेर एका तिशीच्या आतल्या पोराच्या मानेवर येऊन थांबत होतं. ज्याने "मागचं चालू करा" म्हटलं, त्याच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं.

तिने गटाच्या बायकांना बोलावलं आणि काहीही न लपवता सांगितलं, जावयाचा हात कॅमेऱ्यात आहे हेसुद्धा. कायदा तिने वाचून घेतला होता. सही केली तर दावा जातो आणि बोअर चालू राहते. दावा नाकारला तर कंपनी मागे घेते आणि प्रकरण तिथेच मिटतं, बोअर चालू राहते. तिसरी वाट एकच होती. आरोपीने प्राधिकरणापुढे गुन्हा कबूल केला, तर दावा मागे घेता येत नाही. मीठ कोणाचं आणि खूण कोणती, हे निकालात लिहावंच लागतं. पण मग चोरीत वापरलेलं साधन जप्त होतं.

"साधन म्हंजी आपलं यंत्र?" एकीने विचारलं.

"हो."

"माझ्या नातीचं पोट आत्ता कुठं बरं झालंय," ती म्हणाली. "मी न्हाई हो म्हननार."

बराच वेळ वाद झाला. दोघी उठून गेल्या. शेवटी हौसाक्का म्हणाली, "यंत्र हाय तंवर आपुन त्यांचं धुनं धुवायचं, पिढ्यान्‌पिढ्या. त्यापरीस टँकर बरा. त्यो निदान दुसऱ्या गावचं पानी आनतो." मग ती जयमालाकडे वळली. "पन तुझ्या जावयाचं बघ बाई. त्यात आम्ही बोलनार न्हाई."

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, प्राधिकरणाच्या कार्यालयात होती. अधिकारी निलोफर इनामदार वक्तशीर होत्या. कंपनीतर्फे वकील होते, दाबके होते आणि मागच्या खुर्चीवर प्रथमेश होता. साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याला नुसतं आणून जयमालाच्या नजरेसमोर बसवलं होतं.

"कंपनी दावा मागे घेत आहे," वकील म्हणाले. "गावाशी आमचे संबंध जुने आहेत."

"छान," इनामदार म्हणाल्या. "मग प्रकरण..."

"मॅडम, मला गुन्हा मान्य आहे," जयमाला म्हणाली.

इनामदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, ते दावा मागे घेतायत. तुम्ही सुटलात."

"मला सुटायचं नाही."

"तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?" वकिलांनी मध्येच विचारलं.

"होता. सही करायचा. तो मी घेतला नाही."

दाबके वकिलांच्या कानाशी लागले. वकील उभे राहून म्हणाले, की स्कॅनरच्या वाचनात दोष असण्याची शक्यता आहे, तेव्हा मीठ कंपनीचंच असल्याचा दावाही कंपनी करत नाही.

"मग मला चोर कशाच्या जोरावर म्हणालात?" जयमालाने विचारलं. "तेच यंत्र, तेच वाचन. मी चोर ठरत होते तेव्हा ते बरोबर होतं."

इनामदारांनी पडद्यावर प्रयोगशाळेचा तपशील उघडला. पोत्यातलं मीठ प्राधिकरणाने स्वतंत्रपणे तपासलं होतं, कारण दाव्याची प्रत आली की ते आपोआप तपासलं जातं. त्या वाचत गेल्या आणि त्यांचं वाचणं हळू झालं. काही मीठ बिनखुणेचं होतं, जुनं. निम्म्याहून जास्त सप्तधाराच्या खुणेचं होतं. त्यांनी एकदा वकिलांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. ही बाई गप्प राहिली असती तर जेवणाच्या आधी तीन प्रकरणं संपली असती.

"तुम्हाला समजतंय ना," त्या जयमालाला म्हणाल्या, "मी हे लिहिलं की तुमचं यंत्र सील होईल? तुमच्या नावावर चोरीची नोंद होईल?"

"समजतंय."

"आणि बाकीची चौकशी मी आज करू शकत नाही. ती वेगळी होईल. कधी होईल ते मी सांगू शकत नाही."

"तुम्ही चोरी तेवढी लिहा," जयमाला म्हणाली. "चोरी लिहिलीत की मालक लिहावा लागेल. तीस वर्षं आमच्या विहिरीला मालक मिळत नव्हता."

इनामदारांनी लिहिलं. जयमाला घोगरे यांनी सप्तधारा प्रोसेसर्स यांच्या मालकीचं, कायदा लागू झाल्यानंतर कारखान्याबाहेर पडलेलं मीठ, निंबर्डी येथील विहिरीतून काढल्याचं सिद्ध. साधन जप्त. सदर मीठ विहिरीत कसं आलं, याची चौकशी स्वतंत्रपणे विचाराधीन.

जयमालाने मागे पाहिलं नाही. सही करून ती बाहेर आली.

व्हरांड्यात वकील फोनवर होते. आवाज दबका होता, पण व्हरांडा रिकामा होता. "नाही, नाही, व्यवस्थापनाचा संबंध नाही. खालच्या माणसांनी परस्पर काही केलं असेल तर कंपनी त्यांच्यावर कडक कारवाई करेल, असं पत्रक आजच देऊन टाका. नावं? नावं आहेत. फूटेज आहे."

दाबके वकिलांना घेऊन गाडीकडे गेले. गाडीत प्रथमेशसाठी जागा होती. येताना तो तिच्यातूनच आला होता. ड्रायव्हरने दार उघडं धरलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि लावून घेतलं. गाडी गेली.

जयमाला भिंतीशी उभी होती. प्रथमेश तिच्यापासून चार हात दूर थांबला.

"मामी, ईश्वरी तुमच्याशी बोलणार नाही."

"माहितीये."

"मलाही तुमच्याशी बोलावंसं वाटत नाही."

"नका बोलू, जावईबापू."

तो कार्यालयाच्या दाराशी जाऊन आत डोकावला. आत एक कारकून डबा उघडून बसला होता.

"काय काम आहे?"

"जबाब द्यायचाय. निंबर्डीच्या प्रकरणात."

"समन्स आलंय?"

"नाही."

"मग कसली घाई? चौकशी लागली की येईल समन्स."

"त्याच्या आधी द्यायचाय. बोअर कोण चालू करायला सांगतं, ते."

कारकुनाने चपातीचा घास तोंडात घातला आणि चावता चावता मान हलवली. "आधी घेता येत नाही हो. तशी पद्धत नाही. घरी जा. बोलावतील."

"कंपनीचं पत्रक आज येतंय. त्यात माझं नाव असेल. मग मी जे बोलेन ते आरोपीचं बोलणं होईल."

"खरंय ते," कारकून म्हणाला. "पण पद्धत नाही."

प्रथमेशने अंगातला निळा डगला काढला, नीट घडी केली आणि बाकावर ठेवून शेजारी बसला.

"मॅडम जेवून येतील ना इथूनच?"

"येतील. पण त्याही हेच सांगतील."

"सांगू देत," तो म्हणाला. "मी बसलोय."

जयमालाने चपला काढल्या, बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती टेकली आणि दोघंही दाराकडे पाहत राहिले.